कुत्र्यासह, गाडीविना : कोकण किनाऱ्यावर मुक्काम कुठे करावा

स्वतःची गाडी नसलेल्या कुटुंबाला कुत्र्यासह कोकणात जायचे असेल, तर मुक्कामाचे गाव आधी वाटेवरून ठरवावे लागते. वाळू, सुरूची बने आणि सोलकढी यांचा विचार त्यानंतर. माणूस एसटीने, आरामगाडीने, मिळेल त्या रिक्षाने कुठेही पोहोचतो. पंचवीस-तीस किलोच्या लॅब्रेडॉरला ही सगळी दारे उघडी नसतात. खासगी आरामगाड्या कुत्रा सहसा घेत नाहीत, आणि घेतलाच तर डिकीत पिंजरा ठेवण्याची तयारी दाखवतात. तिथे हवा खेळत नाही, इंजिनाची धग असते आणि आत काय चालले आहे ते कुणाला कळत नाही. ही सोय कितीही स्वस्त पडली तरी नाकारावी. एसटीवरही बेत बांधू नये. वाहक कितीही भला असला तरी भरलेल्या गाडीतल्या साठ प्रवाशांचा प्रश्न असतो. उरतात तीन मार्ग : रेल्वे, समुद्र आणि भाड्याची टॅक्सी.

रेल्वेचे नियम स्पष्ट आहेत, फक्त त्यांचा वेळीच पाठपुरावा करावा लागतो. कुत्र्याला प्रवाशासोबत डब्यात नेता येते ते फर्स्ट एसीत किंवा फर्स्ट क्लासमध्येच, आणि तेही दोन शायिकांचा कूपे किंवा चार शायिकांची केबिन पूर्णपणे त्याच कुटुंबाच्या नावावर असेल तर. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर, चेअर कार यांत परवानगी नाही. म्हणजे मडगावची जनशताब्दी, तेजस, वंदे भारत या सोयीच्या गाड्या यादीतून आपोआप बाद होतात. मुंबईहून कोकणात जायला मुख्यतः कोकणकन्या आणि मांडवी या दोन गाड्यांचा आधार राहतो. एक रात्रीची, दुसरी दिवसाची.

अडचण अशी की तिकीट काढताना कूपे निवडता येत नाही. तो चार्ट तयार होताना मिळतो. म्हणून दोन प्रवाशांचे तिकीट एकाच पीएनआरवर काढावे आणि सोबत कुत्रा असल्याचे सांगून कूपे देण्याची विनंती रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे आधीच लेखी द्यावी. कूपे मिळाला की गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी कुत्र्याला घेऊन पार्सल कार्यालयात जायचे, लसीकरणाचे पुस्तक आणि पशुवैद्याचे ताजे प्रमाणपत्र दाखवायचे, कुत्र्याचे लगेज भाडे भरायचे आणि पावती जपून ठेवायची. फर्स्ट एसीतल्या कुत्र्याचे भाडे ६० किलो सामान धरून, तर ब्रेक व्हॅनमधल्या पेटीतल्या कुत्र्याचे ३० किलो धरून आकारतात. पावतीशिवाय कुत्रा सापडला तर सहापट वसुली होते. कूपे मिळालाच नाही तर ब्रेक व्हॅनमधली लोखंडी पेटी हा पर्याय कागदावर आहे. पण अंधार, खडखडाट आणि एकटेपणा यांची सवय नसलेल्या घरगुती कुत्र्याला त्यात रात्रभर कोंबण्यापेक्षा बेत रद्द केलेला बरा. परतीच्या तिकिटाचे उत्तर हाती असल्याशिवाय निघूही नये. मधल्या स्थानकावर गाडी दोन-पाच मिनिटेच थांबते, आणि तेवढ्यात कूपे, पार्सलची पावती व बिथरलेला कुत्रा यांचा मेळ बसत नाही.

गाडीतून उतरल्यावर समुद्र दिसत नाही, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. कोकण रेल्वे किनाऱ्यापासून बरीच आत, डोंगराच्या पायथ्याने धावते. चिपळूणहून गुहागर सुमारे ४५ किलोमीटर, खेडहून दापोली ३० च्या आसपास आणि पुढे मुरूड-कर्दे वेगळेच, कुडाळहून मालवण ३० च्या आत, रत्नागिरीहून गणपतीपुळेही तेवढेच. हे अंतर वळणांचे आणि चढउतारांचे असते. रिकाम्या पोटी निघालेला कुत्रा ते सहन करतो, भरल्या पोटी ओकतो. स्थानकाबाहेर रिक्षा शोधत बसण्यापेक्षा ज्यांच्याकडे उतरायचे त्यांनाच ओळखीची रिक्षा किंवा टॅक्सी धाडायला सांगावे, आणि ‘सोबत कुत्रा आहे, मोठा आहे’ हे शब्द फोनवर स्पष्ट उच्चारावेत. चालक आल्यावर कळले की भाडे वाढते किंवा चालक परत जातो.

समुद्रमार्ग मुंबईकरांसाठी सर्वांत सोपा आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो २०२० साली सुरू झाली. ती सुमारे तासाभरात पलीकडे पोहोचते आणि कुत्र्याचे वेगळे तिकीट काढून त्याला नेता येते. गेटवेवरून सुटणाऱ्या साध्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात. रो-रो हवामान पाहून तेव्हाही चालते. मांडव्याच्या जेट्टीबाहेर रिक्षा उभ्याच असतात. आवास अगदी जवळ, किहीम दहाएक किलोमीटरवर, अलिबाग वीसेक. घरापासून वाळूपर्यंत अर्धा दिवसही लागत नाही. पुणेकरांना असा सरळ मार्ग नाही. त्यांनी ताम्हिणीमार्गे दिवेआगर किंवा दापोलीला दोन्ही वेळची टॅक्सी ठरवावी आणि चार दिवस गाडी अडवून ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. मुक्कामाचे गाव नीट निवडले असेल तर मधल्या दिवसांत गाडी लागतच नाही.

नीट निवडलेले गाव म्हणजे घर, वाळू, किराणा, एखादी खाणावळ आणि औषधाचे दुकान पायी गाठता येईल असे गाव. या कसोटीवर गुहागर फार वरचे आहे. गाव किनाऱ्याला समांतर लांबच लांब पसरलेले आहे, बाजाराच्या रस्त्यावरून नारळी-पोफळीच्या वाड्यांतून दहा पावले टाकली की समुद्र, आणि एसटी स्थानकही तिथेच. दिवेआगरलाही वाड्यांमधून किनाऱ्यावर उतरणाऱ्या पायवाटा आहेत. तारकर्लीला वाळू उत्तम, पण घरे विखुरलेली. बाजारासाठी मालवणला जावे लागते. काशीदला रस्ता, टपऱ्या आणि किनारा एवढ्यावरच सारे संपते. गणपतीपुळ्याला सोयी भरपूर असल्या तरी देवळाची गर्दी आणि उतरता, ओढ असलेला समुद्र लक्षात घेता कुत्र्यासाठी ते गाव योग्य नाही. पाण्यात चेंडू फेकून तो आणायला कुत्र्याला पाठवणे तिथे धोक्याचे आहे.

गाव ठरले की तारीख, आणि तारखेसाठी कॅलेंडरावरची तिथी पाहावी. किनाऱ्यावरची जुनी रीत आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. कुत्र्याला फिरवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, कारण मधल्या उन्हात वाळू तापते. हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर त्याच्या पंजालाही ती सोसत नाही. आता हिशेब मांडावा. अष्टमीच्या सुमारास सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला समुद्र काठोकाठ असतो, चालायला सुरूच्या मुळांलगतची मऊ पट्टी तेवढी उरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास नेमक्या त्याच वेळी पाणी दूर गेलेले असते आणि ओली, घट्ट, थंड वाळू मैदानासारखी मोकळी पडते. मुंबईजवळच्या किनाऱ्यांवर भरती-ओहोटीतला फरक मोठा, दक्षिणेला मालवणकडे कमी. त्यामुळे किहीम-नागावला हा हिशेब अधिक मोलाचा. दिवाळीची अमावास्या या दृष्टीने सोयीचीच. फटाक्यांना घाबरणारा कुत्रा असेल तर शहराबाहेर पडायचे तेही एक कारण होते, मात्र अलिबाग शहर किंवा मालवण बाजारपेठ त्या रात्री शांत नसते. वाडीच्या आतले घर पाहावे.

किनारा मोकळा दिसला तरी तो कुणाच्या तरी कामाची जागा असते. कोळीवाड्यालगत वाळूवर किंवा जाळ्यांवर सुकट, बोंबील, मांदेली वाळत घातलेली असते. मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याने त्यावर एकदा पाय वर केला की त्या घरची मेहनत वाया जाते आणि पुढच्या पाहुण्याच्या कुत्र्यालाही गावात मज्जाव होतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापणीचे जाळे ओढत असताना दोरखंडांच्या आसपास कुत्रा नसावा. जाळ्यातून फेकून दिलेल्या माशांत काटेरी, फुगणारा केंड असतो. तो विषारी असतो; कुत्र्याने तो खाल्ला तर उपचाराला वेळ मिळेलच असे नाही. वाळूत गंजलेले गळ असतात. अलिबाग, नागाव, काशीद इथे शनिवार-रविवारी घोडागाड्या आणि वाळूवर धावणाऱ्या मोटारी असतात. पाठलागाची खोड असलेल्या कुत्र्यासाठी या गावांत आठवड्याचे मधले दिवसच धरावेत.

गावचे कुत्रे हा प्रश्न वेगळा आहे. प्रत्येक पाखाडीची आणि किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्याची टोळी ठरलेली असते. पाहुण्या कुत्र्याला उचलून घेतले की ती अधिक चवताळते. पट्टा सैल ठेवून, न थांबता, त्यांच्या हद्दीबाहेर निघून जावे. पहिल्या दिवसापासून रोज त्याच वेळी त्याच वाटेने गेले की दोन-तीन दिवसांत भुंकणे ओसरते. हातात बिस्किटे मात्र नसावीत.

नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ, आणि पिल्ले त्यानंतरही काही आठवडे बाहेर पडत असतात. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांसह हे काम उभे केले. आंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर, दिवेआगर अशा अनेक किनाऱ्यांवर आज घरटी राखली जातात. कासविणीची अंडी उकरून खाणाऱ्यांत कोल्ह्याच्या जोडीला कुत्राच असतो. त्यामुळे या गावांत रात्री आणि पहाटे कुत्र्याला मोकळे सोडणे हा सरळ अपराध समजावा, कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेवूनही. वेळासला तर त्या हंगामात कुत्रा नेऊच नये. २०२५ मध्ये श्रीवर्धन, नागाव, डहाणूचा पारनाका, गुहागर आणि लाडघर या किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग मिळाला. या मानांकनाच्या अटींत पाळीव प्राण्यांवर कडक नियंत्रण येते. झेंड्याखालचा पट्टा टाळून, गावकऱ्यांना विचारून, किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जावे. गुहागरचा किनारा मैलोगणती लांब असल्याने तिथे हे जमते.

घर निवडताना फोटोपेक्षा फोनवरचे पाच प्रश्न उपयोगी पडतात. खोली तळमजल्यावर आहे का? आवाराला पुरा गडगा आणि फाटक आहे का? घरात कोंबड्या, मांजर, गुरे आहेत का? जेवणाच्या पडवीत कुत्रा चालतो का, की खोलीतच बांधावा लागेल? आणि बागेत फवारणी केव्हा होते? शेवटचा प्रश्न शहरी माणसाला सुचत नाही. आंब्याला मोहोर येतो त्या महिन्यांत कलमांवर कीटकनाशके मारली जातात आणि कुत्रे गवत चघळतात. ‘कुत्रा चालेल’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. अनेक घरांत त्याचा अर्थ ‘अंगणात बांधलेला चालेल’ असा असतो. कोकणातल्या कित्येक गावांत बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य आहे, म्हणून रात्री कुत्रा दाराच्या आतच हवा. रत्नागिरी-देवगडकडच्या कातळसड्यांवर फुरसे पुष्कळ. संध्याकाळनंतर सड्यावरच्या गवतात नाक खुपसू देऊ नये.

तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, पण त्याचा भर गुराढोरांवर. कुत्र्याला सलाइन, रक्ततपासणी किंवा शस्त्रक्रिया लागली तर अलिबाग, रत्नागिरी किंवा चिपळूणसारखे गाव गाठावे लागते. तिथल्या डॉक्टरांचा नंबर आणि रात्री येऊ शकेल अशा एका रिक्षावाल्याचा नंबर, दोन्ही पहिल्याच दिवशी घ्यावेत; गाडी नसलेल्यांना दुसरा नंबर पहिल्याइतकाच लागतो. निघण्याआधी रेबीज आणि लेप्टोची लस चालू आहे ना ते पाहावे, गोचिडांचे औषध लावावे, कारण गुरांच्या वाटांवर गोचिडे भरपूर. समुद्राचे पाणी प्यायले की जुलाब ठरलेले. म्हणून गोड्या पाण्याची बाटली किनाऱ्यावर सोबत हवी आणि परतल्यावर अंगावरचे खारे पाणी विहिरीच्या पाण्याने धुवावे. माशाचे काटे आणि कांदा-लसूण घातलेले कालवण यजमानांच्या प्रेमापोटी ताटात पडते. ते आधीच नम्रपणे सांगून टाळावे.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक असते आणि गाड्या वेळ घेतात; मे महिन्यात दमट उकाडा जाड केसांच्या जातींना सोसत नाही. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांनी तर डिसेंबर-जानेवारीच गाठावा.

मुंबईतून पहिल्यांदाच निघणाऱ्यांनी आवास-किहीम पट्टा धरावा. रो-रो, रिक्षा आणि डॉक्टर तिन्ही हाताशी राहतात. आठवडाभराची रजा आणि कूपे दोन्ही मिळाले तर गुहागर. कुत्र्याने आजवर आगगाडीची शिट्टीही ऐकलेली नसेल, तर मालवणचा बेत पुढच्या वर्षावर टाकावा.