चित्र उलटं ठेवून काढा

रेखाटन सुधारायचंय? एखादं रेषाचित्र उलटं ठेवा आणि दिसतंय तसंच कागदावर उतरवा. चित्रकला-शिक्षिका बेटी एडवर्ड्स यांनी १९७९च्या आपल्या पुस्तकात याच सरावासाठी पिकासोने काढलेलं संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीचं चित्र दिलंय. उलट्या चित्रात नाक, बोटं चटकन ओळखू येत नाहीत. उरतात रेषा, कोन आणि अंतरं. मग ‘डोळा असाच असतो’ हे डोक्यात बसलेलं ठोकळेबाज चिन्ह कागदावर येत नाही. अर्धा तास तरी द्या, आणि पूर्ण होईपर्यंत कागद सुलटा करू नका!

खुर्चीऐवजी तिच्या पायांमधली रिकामी जागा काढणं हाही सुंदर सराव. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांच्या वस्तुचित्राची तयारी करणाऱ्या मुलांना तो जरूर द्या. प्रमाण कुठे चुकतंय ते त्यांचं त्यांनाच दिसतं. हात मोकळा करायला खांद्यातून लांब रेषा, लंबगोल काढा. खोडरबर दूरच ठेवा.