बिबट्या येतो कशासाठी?

सोसायटीच्या सीसीटीव्हीत रात्री बिबट्या दिसला, की सकाळी मागणी ठरलेली असते : पिंजरा लावा, पकडा आणि लांब जंगलात नेऊन सोडा. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांना हे नवीन नाही. त्यांची भीतीही खोटी नाही. बिबट्याच्या हल्ल्यांत तिथे लहान मुलंही दगावली आहेत.

पण नेऊन सोडण्याचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. जुन्नर परिसरात 2001 पासून उसातले बिबटे पकडून जवळपासच्या जंगलांत सोडले गेले. त्याआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. नंतर ते 17 वर गेले, असं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांना आढळलं. पिंजऱ्यातला ताण, अनोळखी मुलूख, तिथे आधीपासून असलेले दुसरे बिबटे. अशा अवस्थेतल्या जनावराकडून शहाणपणाची अपेक्षा कशी करायची? शिवाय रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो.

एरवी हा प्राणी माणसाला टाळतो. वस्तीजवळ तो प्रामुख्याने रात्री फिरतो, कारण त्याचं भक्ष्य तिथे असतं : भटकी कुत्री. आणि कुत्री असतात, कारण आपला कचरा उघड्यावर असतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार उद्यानातल्या सुमारे 35 बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा जवळपास 40 टक्के आहे. वर्षाला अंदाजे 1500 कुत्री. त्यामुळे कुत्रा चावण्याच्या हजारभर घटना टळत असाव्यात, असंही अभ्यासकांनी मांडलं. हे अर्थात कागदावरचं गणित आहे, पण रेबीजची भीती असलेल्या शहरात ते दुर्लक्षून चालणार नाही.

बिबट्याला मात्र हे जेवण फुकट पडत नाही. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार मार्जारकुळातल्या प्राण्यांनाही होतो. 2018 मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला होता.

तेव्हा पिंजऱ्याआधी विचारायचं ते कचराकुंडीबद्दल. ती रोज उचलली जाते का? कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण होतं का? पायवाटेवर दिवा आहे का? आणि अंधार पडल्यावर लहान मुलांना उघड्यावर शौचाला जावं लागतं का?