हाय स्ट्रीट, बोळ क्रमांक ११८

टॉमस ॲननने ग्लासगोच्या जुन्या वस्तीत काढलेल्या छायाचित्रांखाली असतो तो फक्त पत्ता. ‘बोळ, क्रमांक ११८, हाय स्ट्रीट’. ‘बोळ, क्रमांक ४६, सॉल्टमार्केट’. ना कुणाचं नाव, ना एखादा हळवा शब्द. पाडकामाआधी पंचनामा करावा तसा हा मामला.

तसा तो पंचनामाच होता. १८६६ साली पार्लमेंटने ग्लासगोसाठी सुधारणा कायदा केला आणि शहराच्या पोटातली ८८ एकर दाट वस्ती सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या हाती दिली. तिथे पन्नासेक हजार माणसं राहत होती. योजनेसाठी कर बसताच मतदार चिडले आणि तिचा कैवारी, महापौर जॉन ब्लॅकी, त्याच वर्षी निवडणूक हरला. योजना मात्र टिकली. जे पाडायचं ते आधी टिपून ठेवावं म्हणून ट्रस्टने १८६८ मध्ये ॲननला बोलावलं.

हे बोळ मुळात गरिबांसाठी बांधलेलेच नव्हते. हाय स्ट्रीटवर दर्शनी बाजूला सुखवस्तू लोकांची घरं आणि मागे लांबलचक परसं, अशी जुनी रचना होती. १८०१ मध्ये पाऊण लाखाच्या आसपास असलेलं शहर १८६१ पर्यंत चार लाखांच्या घरात गेलं. गिरण्या आणि कारखान्यांच्या ओढीने आयर्लंडमधून, स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेतून माणसं येत राहिली. श्रीमंत पश्चिमेकडे सरकले. मागे राहिलेल्या परसांत एकामागे एक इमारती उठल्या आणि त्यांच्यामधून जेमतेम हात पसरता येईल एवढी वाट उरली. १८६२ च्या कायद्यानंतर तर लहान घरांच्या दारांवर पत्र्याची तिकिटं ठोकली गेली : आत किती घनफूट हवा, म्हणून किती माणसांना झोपायची परवानगी. रात्री-अपरात्री निरीक्षक दार ठोठावून डोकी मोजत. आपल्याच घरात पाहुण्याला लपवायची वेळ आणणारा हा कायदा आरोग्याच्या नावाने झाला होता, हे विसरून चालणार नाही.

असल्या जागी कॅमेरा लावणं सोपं नव्हतं. त्या काळच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच चित्र घ्यायचं आणि वाळायच्या आत धुवायचं. म्हणजे अंधारखोली सोबतच न्यायची. वर आभाळाची चिंचोळी पट्टी, खाली ओलसर फरशी. उजेड इतका कमी की काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. भिंतींचा दगड न् दगड स्पष्ट येई, पण कॅमेऱ्याकडे बघायला जमलेली पोरं हलली की त्यांचा धूर होई. काठ्यांवर वाळत घातलेले कपडेही तसेच. या चित्रांत वास्तू ठाम आणि माणसं पुसट दिसतात, ती अशी. त्यात ॲननची करुणा किंवा बेपर्वाई शोधणाऱ्यांनी आधी काचेचा वेग पाहावा, असं मला वाटतं.

ॲनन फाइफ परगण्यातला, सूत कातणाऱ्याचा मुलगा. छायाचित्रकार होण्याआधी लिथोग्राफीत कोरीवकाम करणारा. चित्र टिकलं पाहिजे ही त्याची ओढ तिथलीच असावी. अंड्याच्या पांढऱ्यावर छापलेली चित्रं पिवळी पडतात, म्हणून न विटणाऱ्या कार्बन छपाईचे स्कॉटलंडपुरते हक्क त्याने १८६६ मध्येच घेतले होते. बोळांचा पहिला संच ३१ चित्रांचा होता. पुढे ट्रस्टने काढवलेल्या अल्बममध्ये ४० कार्बन छपाया आल्या.

या संचाशेजारी त्याचंच दुसरं काम ठेवून पाहावं. १८७० साली ग्लासगोच्या जुन्या उमरावी घराण्यांच्या बागबंगल्यांवर एक देखणा ग्रंथ निघाला. त्यात ॲननची शंभर छायाचित्रं आहेत आणि प्रत्येक बंगल्यासोबत घराण्याची माहिती : कुणी बांधला, कुणाला विकला, लेक कुठे दिली. यातला बराच पैसा तंबाखू आणि साखरेचा, म्हणजे अटलांटिकपलीकडच्या गुलामांच्या श्रमाचा. तोच कॅमेरा, तेच शहर. एकीकडे वंशावळ, दुसरीकडे नुसता क्रमांक.

पाडापाडी मात्र ठरल्या वेगाने झाली नाही. १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली, जमिनीचे भाव कोसळले, आणि ट्रस्ट ज्या घरांना पाडायला निघाला होता त्यांचाच घरमालक होऊन भाडं वसूल करत बसला.

मुंबईच्या वाचकाला हे ऐकल्यासारखं वाटेल, आणि ते उगाच नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तेव्हा ग्लासगोचा नमुना समोर होता. नागपाडा, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंगा ही त्याची कामं. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आले तेही एक स्कॉटच, पॅट्रिक गेडिस. एडिंबरोच्या असल्याच जुन्या वस्तीत बिऱ्हाड करून राहिलेल्या या गृहस्थांचं म्हणणं उलट होतं : सरसकट पाडू नका, नेमकं तेवढंच काढा, बाकीचं दुरुस्त करा.

ॲननच्या चित्रांचा खरा उपयोग आज स्थानिक इतिहास शोधणाऱ्यांना होतो, तोही त्या रुक्ष पत्त्यांमुळेच. १८७१ च्या जनगणनेच्या वह्या पत्त्यावार लिहिलेल्या आहेत आणि त्या उपलब्ध आहेत. रस्ता आणि क्रमांक शोधला की खोलीमागून खोली उलगडत जाते : कुटुंबप्रमुख, बायको, मुलं, भाडेकरू, प्रत्येकाचं वय, काम आणि जन्मस्थान. जन्मस्थानाच्या रकान्यात आयर्लंड पुन्हा पुन्हा येतं.