छायाचित्राची कीर्द आणि ताळेबंद

लग्नसराई जवळ आली की राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरील कापड दुकानांत शालू आणि पैठण्यांच्या घड्या उलगडू लागतात. जनता बाजार चौकातून येणारा जाणता ग्राहक वस्त्र हातात घेतो, दुकानाच्या दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात त्याचा रंग पारखतो आणि मगच भाव विचारतो. परंतु आज अशा दुकानाचा दुसरा ग्राहक पुण्यात, बेळगावात किंवा परदेशात बसून मोबाईलच्या पडद्यावर तेच वस्त्र पाहत असतो. त्याची सारी पारख दुकानदाराने पाठविलेल्या छायाचित्रावर अवलंबून असते. डाळिंबी शालू पडद्यावर केशरी दिसला, तर पार्सल परत येते. जाण्यायेण्याचा खर्च तर होतोच. पण त्याहून मोठी हानी विश्वासाची होते.

ही चूक पुष्कळदा छायाचित्र काढताना होत नाही. ते संकेतस्थळावर चढविण्यायोग्य करताना होते. म्हणून व्यापारी कुटुंबांनी हा व्यवहार समजून घेणे हिताचे आहे.

चांगला कॅमेरा छायाचित्र दोन प्रकारे साठवू शकतो. ‘रॉ’ फाईलमध्ये सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची मूळ नोंद जवळजवळ जशीच्या तशी राहते. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी असते. त्यांतील निम्म्या हिरव्या असतात. ही रचना कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांची असून तिचे पेटंट १९७६ चे आहे. चौदा बिटांच्या रॉ फाईलमध्ये प्रत्येक बिंदूच्या प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या नोंदविता येतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला केवळ २५६ मिळतात.

पेढीवर वाढलेल्यांना हा भेद चटकन उमगेल. रॉ फाईल म्हणजे कीर्द आणि जेपेग म्हणजे ताळेबंद. कीर्दीत प्रत्येक व्यवहार लिहिलेला असतो. तिच्यावरून खतावणी होते आणि शेवटी ताळेबंद निघतो. ताळेबंद आटोपशीर असतो, दाखविण्यास सोयीचा असतो. पण ताळेबंदावरून कीर्द पुन्हा लिहिता येत नाही.

तरीही ताळेबंद लागतोच. रॉ फाईल सामान्यतः ब्राउझरमध्ये उघडत नाही आणि चोवीस मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एकेक फाईल सुमारे २५ एमबीची असते. तेच चित्र जेपेगमध्ये, लहान मापात, २५० केबीच्या आसपास बसते. ही किमया कशी घडते? जेपेग प्रथम उजेड आणि रंग वेगळे करते. मानवी डोळ्याला उजेडातील बारकावे अधिक दिसतात, रंगातील कमी; म्हणून रंगाची नोंद बहुधा विरळ केली जाते. नंतर चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील अतिसूक्ष्म चढउतार ढोबळ आकड्यांत बसविले जातात. या पद्धतीचा गणिती पाया बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. या संशोधनासाठी अहमद यांनी मागितलेले अनुदान नाकारले गेले होते. १९९२ मध्ये मान्य झालेले जेपेग मानक याच पायावर उभे राहिले.

जे गाळले जाते ते सूक्ष्म असते, आणि कापडाचे मोल नेमके सूक्ष्मात असते. जरीचे काठ, बारीक चौकडी आणि गडद लाल पोतातील वीण यांवर अति संकोचनाचा घाव प्रथम पडतो. म्हणून क्रम पाळावा.

छायाचित्रे काढताना त्याच उजेडात एका चित्रात करड्या रंगाचे कार्ड ठेवावे. रॉ फाईलमध्ये पांढऱ्याचा समतोल नंतरही सुधारता येतो आणि हे कार्ड त्याचे माप ठरते. रंग जुळल्यावर चित्राची लांब बाजू ६,००० बिंदूंवरून १,६०० वर आणावी; एवढ्यानेच बिंदूंची संख्या सुमारे चौदाव्या हिश्श्यावर येते. रंगपद्धती ‘एसआरजीबी’ ठेवावी. ‘अडोबी आरजीबी’तील चित्र काही पडद्यांवर फिके दिसते. जेपेगचा दर्जा शंभरपैकी ८० च्या आसपास ठेवून काठ पूर्ण आकारात तपासावेत आणि जर फाटलेली दिसल्यास दर्जा वाढवावा. शेवटी ते चित्र मोबाईलवर उघडून प्रत्यक्ष वस्त्राशेजारी धरून पाहावे.

जेपेग उघडून, बदलून पुन्हा जेपेगमध्ये साठविले की दर वेळी थोडी झीज होते. म्हणून दुरुस्ती नेहमी मूळ फाईलवर करावी आणि नवी प्रत काढावी. व्हॉट्सॲपवर चित्र सर्वसाधारण पद्धतीने पाठविल्यास तेथेही संकोचन होते. छापखान्याला किंवा छायाचित्रकाराला द्यायचे चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

रंग सुधारण्याची ही सोय दुधारी आहे. फिका रंग गडद करणे किंवा साध्या काठाला जरीची झळाळी देणे एका बोटाचे काम आहे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे. अस्सल म्हणून भेसळ खपविण्याचा तो दोष पडद्यावरच्या मालालाही लागू पडतो. डोळ्याला दिसला तो रंग चित्रात आणणे ही दुरुस्ती; त्यापुढे जाणे ही फसवणूक.

आता प्रश्न साठवणीचा. वर्षाला पाचशे वस्त्रे आणि प्रत्येकी तीन छायाचित्रे धरली, तरी मूळ फाईलींना ३७ ते ३८ जीबी पुरतात; एक टीबीच्या डिस्कमध्ये पंचवीस वर्षांचा संग्रह मावतो. तरी जागा वाचवावी म्हणून मूळ फाईली पुसल्या जातात आणि पुढे छापील पुस्तिका किंवा मोठा फलक करायचा ठरला की हाती केवळ लहान जेपेग उरते. मालाच्या क्रमांकाने नावे द्यावीत आणि दोन प्रती ठेवाव्यात. एक दुकानात, दुसरी घरी.

मूळ हरवल्याचे दुःख कोल्हापूरला नवे नाही. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. त्याची कीर्ती ग्रंथांत आहे; चित्रपट मात्र आज उपलब्ध नाही. ज्या नगरीने हे सोसले, तिथल्या पेढ्यांना मूळ जपण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जुन्या वह्या लाल कापडात बांधून माळ्यावर ठेवणाऱ्या घरांत आता एका डिस्कलाही तसेच स्थान मिळावे.