प्रश्न कुणाला विचारायचा?

नवी संगणकप्रणाली बसवताना पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, डिस्कचे भाग कसे पाडायचे? शेवटच्या प्रश्नावर नवख्याचा हात थांबतो. उत्तर चुकलं तर डिस्कवरचे जुने फोटो पुसले जातील, ही त्याची भीती रास्त आहे. पण तो प्रश्न काढूनच टाकला, तर सर्व्हर सांभाळणाऱ्याची अडचण होते, कारण त्याला नोंदींसाठी वेगळा भाग हवा असतो. दोघांच्या हातात इन्स्टॉलर मात्र एकच.

इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीने यावर जो विचार केला, तो मला फार मोलाचा वाटतो. इथे प्रत्येक प्रश्नाला महत्त्वाची पायरी दिलेली असते. अशा पायऱ्या चार. उत्तराशिवाय प्रणाली बिघडण्याची शक्यता असलेले प्रश्न सर्वांत वर, आणि ज्यांचं ठरलेलं उत्तर जवळपास सगळ्यांना चालतं ते सर्वांत खाली. नेहमीच्या पद्धतीत फक्त वरच्या दोन पायऱ्यांवरचे प्रश्न समोर येतात. तज्ज्ञांची पद्धत निवडली की सगळेच येतात. शंभर यंत्रं एकसारखी बसवायची असतील, तर उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवता येतात. मग यंत्रापुढे माणूस बसायची गरजच उरत नाही.

पण पायरी ठरवतो कोण? पॅकेज, म्हणजे प्रणालीतल्या सॉफ्टवेअरचा एकेक संच, तयार करणारा. त्याच्या डोळ्यांसमोर जो वापरकर्ता असेल, त्याच्याच सोयीने प्रश्न दिसतो किंवा लपतो. जो कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो, त्याच्यासाठी मुद्दाम वाट करावी लागते. साध्या अक्षरी पडद्यावर देवनागरी नीट उमटत नाही, म्हणून मराठीतून डेबियन बसवायचं तर चित्ररूप इन्स्टॉलर लागतो. दृष्टिहीन माणसाला पहिल्याच मेनूवर ‘एस’ आणि एंटर दाबून प्रश्न ऐकता येतात.

खरी कसोटी लागली ती फर्मवेअरवर, म्हणजे यंत्रातल्या चिपना चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. वाय-फायच्या अनेक चिप फर्मवेअरशिवाय चालत नाहीत, आणि त्याचा मूळ कोड कंपन्या देत नाहीत. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वापायी डेबियनने तो अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवला होता. परिणामी केवळ वाय-फायवर अवलंबून असलेला लॅपटॉप भर स्थापनेत नेटविना अडकायचा. २०२२ मध्ये विकसकांनी मतदान करून फर्मवेअर आत घेतला आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून तो गरजेप्रमाणे आपोआप बसू लागला.

मला हा निर्णय पटतो. तत्त्वाची किंमत सर्वांत कमी माहिती असलेल्याने मोजावी, हे न्याय्य नव्हतं. तरी एक गोष्ट खटकते. फर्मवेअर नको असेल, तर बूट करताना तशी आज्ञा स्वतः टाइप करावी लागते. म्हणजे नकार ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच तो देता येतो. एवढा एक प्रश्न, साध्या शब्दांत, सगळ्यांना विचारायला हवा होता.