भिंत आधी, चित्र मागाहून

गुळाचे उपयोग सांगा म्हटले तर आपल्यापैकी कोणीही दहा सांगेल. उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी, सणाला पुरणपोळी, संक्रांतीला तिळगूळ, बाळंतिणीला डिंकाचे लाडू. व्यालेल्या म्हशीलाही आपण गूळ चारतो. पण भिंतीवर देवाचे चित्र काढायला गूळ लागतो असे कोणी सांगितले, तर ऐकणारा म्हणेल, काहीतरीच काय! खरे मात्र तसेच आहे. केरळातील जुन्या मंदिरांच्या भिंतींवर दोन-तीनशे वर्षांपूर्वीची जी चित्रे आजही दिसतात, त्यांच्याखालचा गिलावा करण्याच्या परंपरागत कृतीत चुन्याबरोबर गूळ, हिरडा आणि शहाळ्याचे पाणी सांगितलेले आहे. ही चित्रे काढण्याची विद्या बुडता बुडता वाचली. ती कशी शिकतात याची हकिकत आपल्या ऊस-उत्पादक सभासदांना रुचेल, आणि गावोगावच्या देवस्थानांच्या पंच मंडळींना उपयोगीही पडेल, म्हणून हा लेख.

केरळची भित्तिचित्रे

मलयाळम भाषेत या कलेला ‘चुवर्‌चित्रम्’ म्हणतात. चुवर् म्हणजे भिंत. तिरुनंदिक्करा येथील कातळात कोरलेल्या मंदिरात या परंपरेतील सर्वांत जुने, नवव्या शतकाच्या सुमाराचे अवशेष आहेत. हे गाव आता तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात येते. पुढे सोळाव्या ते अठराव्या शतकांत या कलेला मोठा बहर आला. कोचीच्या मट्टांचेरी राजवाड्यातील रामायणाची चित्रे, एट्टुमानूरच्या महादेव मंदिरातील नटराज आणि कायंकुळमजवळच्या कृष्णपुरम राजवाड्यातील गजेंद्रमोक्षाचे भले मोठे चित्र पाहायला लांबलांबून लोक जातात. श्रीकुमार नावाच्या पंडिताने सोळाव्या शतकात ‘शिल्परत्न’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात चित्रविद्येचे नियम दिलेले असून आजही शिकणाऱ्याला त्याचा आधार घ्यावा लागतो.

भिंतीची मशागत

शेतकऱ्याला सांगायला नको की पेरणीपेक्षा मशागतीला दिवस अधिक लागतात. इथेही तसेच. चित्रकार शिष्याने आधी भिंत करायला शिकायचे.

चुना भाजून, विझवून, चांगला मुरवायचा. एक भाग चुना आणि दोन भाग बारीक वाळू असे प्रमाण घेऊन, हिरडा भिजवलेले पाणी आणि गूळ घालून ते घोटायचे. हा झाला पहिला थर. त्यावर दुसरा थर द्यायचा. त्यात चुना-वाळूबरोबर कापूस कुटून मिसळतात. कापसाचे तंतू गिलाव्याला धरून ठेवतात आणि तडे जाऊ देत नाहीत. आपल्याकडे मातीच्या भिंतीत भुसकट घालतात त्यातलाच हा प्रकार. हे वाळले की तिसरे काम सुरू होते. शहाळ्याच्या पाण्यात कालवलेला पातळ चुना, एक हात वाळला की दुसरा, असे २५ ते ३० हात द्यायचे. तेव्हा कुठे भिंत शंखासारखी पांढरी आणि गुळगुळीत होते.

आता गूळ कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर आपल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतील केमिस्ट मंडळी चटकन देतील. साध्या पाण्यात चुना फार थोडा विरघळतो. साखर असलेल्या पाण्यात तो कितीतरी अधिक विरघळतो. गुळात साखर आहे, शहाळ्याच्या पाण्यातही थोडी आहे. विरघळलेला चुना बारीक फटींत शिरतो, हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचा पुन्हा दगड बनतो. आपण कारखान्यात उसाच्या रसात चुन्याचे दूध सोडतो ते मळ खाली बसवण्यासाठी. म्हणजे चुना आणि साखर यांची गाठ आपल्याला नवी नाही. जुन्या गवंड्यांना हे रसायन कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. हाताला आले ते त्यांनी पुढच्या पिढीच्या हाताला दिले.

कोरड्या भिंतीवर का?

परदेशात, विशेषतः इटलीत, ओल्या चुन्यावर रंग लावण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. तिथे चुना वाळता वाळता रंग आपोआप पक्का होतो, पण चित्रकाराला गिलावा ओला आहे तोवरच काम उरकावे लागते. शिवाय ओल्या चुन्याचा तिखटपणा वनस्पतींपासून केलेल्या बऱ्याचशा रंगांना सोसत नाही. केरळची पद्धत निराळी. भिंत पूर्ण वाळू द्यायची आणि मग रंगाला डिंकाने धरायचे. हा डिंक कडुनिंबाचा. त्यामुळे चित्रकाराला सवड मिळते, सावकाश काम करता येते. मात्र यात एक कच्ची बाजू आहे, ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. डिंकाने धरलेला रंग पाण्याने सुटतो. पुढे आपल्या गावांविषयी बोलताना या गोष्टीची गरज पडणार आहे.

पाचच रंग

या चित्रांत मुख्य रंग पाच: पिवळा, तांबडा, हिरवा, काळा आणि पांढरा. दुकानातली डबी आणून झाकण उघडायचे, असे इथे नाही.

तांबडा आणि पिवळा हे दगड-मातीचे रंग. कोकणातल्या जांभ्यासारखा दगड कुटायचा, पाण्यात कालवायचा, जड कण खाली बसू द्यायचे आणि वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढायचे. असे पुन्हा पुन्हा केल्यावर तळाशी लोण्यासारखी मऊ माती उरते. तोच रंग. हिरव्यासाठी नीळीच्या पाल्याचा रस काढतात आणि त्यात कोकमाच्या कुळातील एका झाडाचा पिवळा चीक मिसळतात. निळा आणि पिवळा मिळून हिरवा. काळा रंग म्हणजे आपले घरचे काजळच: तिळाच्या तेलाचा दिवा लावून त्यावर भांडे धरायचे आणि जमलेली काजळी खरवडून घ्यायची. पांढरा रंग वेगळा लावायची बहुधा गरजच नसते. जिथे पांढरे हवे तिथे भिंत मोकळी सोडतात. म्हणून तर भिंत एवढी नितळ करायची!

रंग कोणाला कोणता द्यायचा, हेही ठरलेले. विष्णू, राम, कृष्ण अशा सात्त्विक रूपांना हिरवा. राजस रूपांना पिवळा-तांबडा. तामस रूपांकडे काळा किंवा पांढरा. तिकडच्या कथकळी नाटकातही नायकाचा चेहरा हिरवाच असतो.

आधी रेष

शिष्याला पहिल्या दिवशी रंग मिळत नाही. आधी रेष. डोळा, भुवई, बोटे, दागिने, वस्त्राच्या चुण्या, हे सगळे हजारदा गिरवायचे. देवाचे रूप मनाने काढायचे नसते. प्रत्येक देवतेचा ध्यानश्लोक असतो. हात किती, कोणत्या हातात काय, आसन कोणते, मुद्रा कोणती, हे त्यात सांगितलेले असते. श्लोक पाठ, तर चित्र डोळ्यांपुढे उभे.

मग काम सहा पायऱ्यांनी चालते. पहिली लेख्यकर्म, म्हणजे कच्चा आराखडा. दुसरी रेखाकर्म, त्यात रेषा पक्की करायची. तिसरी वर्णकर्म, रंग भरणे. चौथी वर्तनाकर्म, म्हणजे छटा देऊन अंगाला गोलाई आणणे. पाचवी लेखाकर्म, त्यात काजळीच्या काळ्या रेषेने आकृती शेवटची बांधून घ्यायची. सहावी द्विककर्म, म्हणजे शेवटचा हात. देवाचे डोळे सर्वांत शेवटी उघडतात.

यातली कोणतीही पायरी गाळता येत नाही. भिंत कच्ची राहिली तर रंग धरत नाही, डिंक कमी पडला तर रंग हाताला येतो, जास्त झाला तर पापुद्रे सुटतात. किती म्हणजे पुरे, हे वजनात सांगून कळत नाही. गुऱ्हाळावर गूळ उतरवायची वेळ जाणता गुळव्या काकवीच्या तारेवरून ओळखतो ना, तसेच हे आहे. जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच ते शिकावे लागते. आणि म्हणूनच जाणता माणूस गेला की विद्या जाते.

आगीतून निघालेली शाळा

ती वेळ केरळवर आली होती. राजेरजवाड्यांचा आश्रय संपला, मंदिरांचे उत्पन्न घटले, नवी चित्रे काढून घेणारे राहिले नाहीत. हाताच्या बोटांवर मोजावेत इतके जाणते उरले.

अशात १९७० च्या ३० नोव्हेंबरला, एकादशी उत्सवाच्या दिवसांत, गुरुवायूरच्या प्रसिद्ध श्रीकृष्ण मंदिराला मोठी आग लागली. मूर्ती सुखरूप बाहेर काढली गेली, पण गाभाऱ्याच्या भिंतींवरील जुन्या चित्रांची हानी झाली. देऊळ पुन्हा उभे राहिले. चित्रे कोणी काढायची? तेव्हा मम्मियूर कृष्णनकुट्टी नायर यांच्यासारखे जुन्या परंपरेत तयार झालेले वृद्ध चित्रकार पुढे आले आणि जुन्या पद्धतीने भिंती पुन्हा रंगवल्या गेल्या.

देवस्थानाने यातून योग्य धडा घेतला. आज हे आहेत, उद्या कोण? १९८९ साली गुरुवायूर देवस्वमने भित्तिचित्रकलेची शाळा काढली आणि नायर तिचे पहिले मुख्य शिक्षक झाले. अभ्यासक्रम पाच वर्षांचा. पुढे आरन्मुळा येथील वास्तुविद्या गुरुकुलम आणि कालडीचे संस्कृत विद्यापीठ येथेही ही कला शिकवली जाऊ लागली. आता तिथून निघालेली तरुण मंडळी मंदिरांच्या भिंती रंगवतात, कापडावर आणि कॅनव्हासवरही चित्रे काढून पोट भरतात. कॅनव्हासवर पुष्कळदा तयार ॲक्रिलिक रंग वापरतात, कारण गिऱ्हाईकाला घाई असते. त्यात गैर काही नाही. पण भिंत करायला येणारा माणूस टिकला, हे मोठे झाले. देवस्थानाच्या पैशातून सोन्याचा कळस होतो तशी शाळाही होते, हे गुरुवायूरने दाखवून दिले.

आपल्या गावात काय?

ही विद्या आपल्याला परकी नाही. अजिंठ्याच्या बौद्ध लेण्यांत माती, भुसा आणि तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा हात देऊन, तो वाळल्यावरच चित्रे काढली. वेरूळच्या कैलास लेण्यात जुन्या चित्रांचे अवशेष आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकलेचे प्रकरण घातले. वाईजवळ मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा, वाईतील रास्त्यांचा मोतीबाग वाडा, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल येथे मराठा काळातील चित्रे आहेत. अशी चित्रे लहानसहान देवळांतही असू शकतात, चुन्याच्या थरांखाली झाकलेली.

आपल्यापैकी अनेक सभासद गावच्या जीर्णोद्धार समितीवर असतात. वर्गणी जमते, उत्साह असतो, आणि पहिले काम निघते ते भिंती खरवडण्याचे. मग सिमेंट, ऑइल पेंट, फरशा. हे करण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात, अशी हात जोडून विनंती आहे.

एक, जुना चुना उडालेल्या जागी तांबड्या-काळ्या रेषा किंवा रंग दिसतो का, हे दिवसाच्या उजेडात नीट पाहावे. दोन, दिसला तर खरवडू नये आणि ओल्या फडक्याने मुळीच पुसू नये. डिंकाने धरलेला रंग पाण्याबरोबर निघून जाईल. तीन, छपराची गळती आधी थांबवावी, कारण कोरड्या भिंतीवरच्या चित्राचा पहिला वैरी ओल आहे. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट किंवा ऑइल पेंट चढवला की आतली ओल कोंडते आणि गिलावा फुगून सुटतो. चार, फोटो काढून राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवावे आणि त्यांचा सल्ला आल्यावरच हात लावावा.

नवा रंग दरवर्षी देता येतो. खरवडलेले चित्र परत येत नाही, आणि ते जसेच्या तसे पुन्हा काढील असा माणूस आपल्या पंचक्रोशीत आज शोधून सापडणार नाही. केरळात निदान आग लागल्यावर विचारायला चार वृद्ध होते. आपल्याकडे जे शिल्लक आहे ते भिंतीवरच आहे. एखाद्या होतकरू मुलाला किंवा मुलीला उद्या ही विद्या शिकावीशी वाटली, तर तिचा पहिला गुरू ती भिंतच असेल. तेवढी भिंत आपण राखू या.