न बोलणाऱ्या फॉर्मचा प्रश्न

मी अंध आहे आणि बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवतो. शासनाने आम्हांला आता 'दिव्यांग' म्हणायचे ठरवले आहे. वरून मिळालेल्या नावांचा अनुभव आपल्या समाजाला जुना आहे, म्हणून त्या वादात मी शिरत नाही. मला बोलायचे आहे ते ऑनलाइन फॉर्मविषयी. शिष्यवृत्ती, परीक्षा, नोकरी, दाखले, यांतले जवळजवळ सारेच आज या फॉर्मच्या दारातून जाते. हे दार कोणाला उघडते आणि कोणाला नाही, हा सामाजिक प्रश्न आहे. तो संगणकतज्ज्ञांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

माझा एक अंध विद्यार्थी धारूर तालुक्यातला. आईबाप दरवर्षी उचल घेऊन ऊसतोडीला जातात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला तो माझ्याकडे आला. ग्रंथालयातल्या संगणकासमोर आम्ही दोघे बसलो. संगणक बोलला, "लिहायची जागा, रिकामी." पुढच्या चौकटीवर गेलो, पुन्हा तेच. असे चौदा वेळा झाले. तो म्हणाला, "सर, नाव कुठं टाकायचं अन् उत्पन्न कुठं, कायच कळंना." मलाही कळत नव्हते. अंदाजाने पुढे सरकलो तेव्हा ओटीपी मागितला गेला. तो आला बापाच्या मोबाइलवर, आणि बाप उसाच्या फडात. फोन लागेपर्यंत मुदत संपली आणि भरलेले सारे पुसले गेले.

शेवटी तो तालुक्याच्या एका दुकानात गेला. दुकानातल्या माणसाने रांगेसमोर मोठ्याने त्याची जात विचारली, उत्पन्न विचारले, बँकेचे खाते विचारले. खात्याचा एक आकडा चुकला. तो पडताळून पाहण्याची सोय या मुलाला नव्हती. पैसे आले नाहीत, हे पाच महिन्यांनी समजले.

आता यातले तांत्रिक अंग पाहू. ते अवघड नाही. अंध माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडर नावाच्या प्रणालीच्या मदतीने. पडद्यावरचा मजकूर ती आवाजात वाचून दाखवते, आणि माउसऐवजी आम्ही कीबोर्ड वापरतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केला. तो विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. अँड्रॉइड मोबाइलमध्ये टॉकबॅक असतो. म्हणजे साधन गरिबाच्याही हाती आलेले आहे.

मग अडते कुठे? डोळस माणसाला चौकटीशेजारी 'आईचे नाव' असे शब्द दिसतात आणि त्याचा डोळा त्या दोहोंची जोडणी आपोआप करतो. स्क्रीन रीडरला डोळा नाही. तो पानामागची संहिता वाचतो. संहितेत ते शब्द त्या चौकटीला जोडलेले असतील, तरच तो "आईचे नाव, लिहायची जागा" असे बोलतो. या जोडणीला लेबल म्हणतात. एका चौकटीसाठी हे काम एखाद्या ओळीचे असते. ती ओळ लिहिली गेली नाही म्हणून आमच्या वाट्याला चौदा रिकाम्या जागा आल्या.

बाकीचे अडथळे याच जातीचे आहेत. चूक झाली की चौकट लाल होते. लाल रंग ऐकू येत नाही. कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरे चित्रात असतात आणि आवाजाचा पर्याय दिलेला नसतो. जन्मतारखेचे कॅलेंडर आणि तालुका-गावाच्या याद्या पुष्कळदा फक्त माउसने उघडतात. पान मराठीत असते, पण त्याची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली असते. मग इंग्रजी आवाज मराठी अक्षरांपुढे गप्प बसतो किंवा भलतेच बोलतो. सूचनापत्रक स्कॅन करून टाकलेले असते, म्हणजे आमच्या लेखी तो कोरा कागद.

यावर नेहमीचे उत्तर असते, "कोणाकडून तरी भरून घ्या." हे उत्तर आपण ओळखले पाहिजे. बाबासाहेबांनी शाळेतली आठवण लिहून ठेवली आहे. नळ समोर होता, पण त्याला हात लावायचा नव्हता. शिपाई येऊन नळ उघडील तेव्हाच पाणी. शिपाई नसेल तर तहान घेऊन बसायचे. दुकानातला तो माणूस म्हणजे आमच्या नळावरचा शिपाई. तो वाईट नसेलही. पण माझे पाणी त्याच्या हातात असावे, हीच मुळात अन्यायाची गोष्ट आहे.

२०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती; त्यांत दृष्टीचे अपंगत्व असलेले ५० लाखांहून अधिक. एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत २.४५ टक्के. तेव्हा हा प्रश्न आपल्या वस्तीबाहेरचा नाही.

कायदा काय म्हणतो? शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर अपंगांना वापरता येईल अशा रूपात देण्याची जबाबदारी शासनावर टाकते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेची मानके केवळ शिफारशी ठरवणारा २०१७ चा नियम १५ (१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करण्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. पण ठराव झाला म्हणजे पाणी मिळाले असे होत नाही. १९२३ चा बोले ठराव आणि १९२७ चे चवदार तळे यांमधली चार वर्षे आपल्याला हेच शिकवतात.

म्हणून शिक्षक आणि कार्यकर्ते मित्रांना माझे सांगणे आहे. आपल्या महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज उघडा. माउस बाजूला ठेवा आणि केवळ टॅबच्या कळीने शेवटपर्यंत जाऊन पाहा. मग एनव्हीडीए सुरू करून डोळे मिटा. कोणती चौकट मुकी आहे, कोणती चूक ऐकू येत नाही, याची यादी करा. ती कलम ४२ च्या उल्लेखासह संबंधित कार्यालयाला लेखी द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करा. आणि ही तपासणी करताना एखादा अंध विद्यार्थी सोबत असू द्या. आमच्याविषयीचे निर्णय आमच्यावाचून होऊ नयेत.

माझा तो विद्यार्थी यंदाही अर्ज भरणार आहे. आईबाप यंदाही फडात असतील. त्याला कोणाची दया नको आहे. आपल्या आईचे नाव कोणत्या चौकटीत लिहायचे, एवढेच त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचे आहे.